एका गगनचुंबी इमारतीचे भाडेकरू

'लग्न पाहावें करून आणि घर पाहावें बांधून' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. घर बांधणाराच्या मागें लागणाऱ्या विवंचनांचें सारें सार तिच्यांत आलें आहे. परंतु स्वतः राहण्याकरितां घर बांधणें निराळें, आणि दुसऱ्यांनीं भाडें देऊन राहावें म्हणून बांधणें निराळें. पहिल्या प्रकारच्या घराची वास्तुशांत झाली कीं धनी चिंतेंतून सुटतो. दुसऱ्या प्रकारच्या घराची खरी चिंता वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. खोल्या तयार आहेत, पण बिऱ्हाडें कोठें आहेत? हा प्रश्न गल्लींतील लहानशा चाळीच्या मालकास पडतो, तसाच तो एके काळीं जगांतील सर्वांत उंच इमारतीच्या मालकांसही पडला होता. न्यूयॉर्क शहरांतील एम्पायर स्टेट बिल्डिंग ही ती इमारत होय. तिची उंची, तिचें पोलाद आणि तिच्या बांधकामाचा वेग यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तिच्यांत कोण आलें, कोण राहिलें व कोण गेलें याची हकीकत तितकी सांगितली जात नाहीं. वास्तविक भाड्याच्या इमारतीचें आयुष्य म्हणजे तिच्या भाडेकरूंचेंच आयुष्य. म्हणून या बाजूनें तिचा इतिहास पाहणें उद्बोधक होईल.

मॅनहॅटन बेटावरील फिफ्थ ॲव्हेन्यू या प्रशस्त रस्त्याच्या कडेला, ३३ व्या व ३४ व्या गल्ल्यांच्या मध्यें, ही इमारत उभी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथें शेत होतें. १८२७ सालीं ॲस्टर या धनाढ्य घराण्यानें ती जमीन विकत घेतली व पुढें तेथें त्या घराण्याचे वाडे उठले. शतक संपतां संपतां याच घराण्यांतील दोन चुलत भावांनीं ते वाडे पाडून दोन आलिशान हॉटेलें बांधिलीं. १८९३ सालीं वॉल्डॉर्फ व १८९७ सालीं ॲस्टोरिया. भावांभावांत सख्य नव्हतें, तरी धंद्याच्या सोयीसाठीं दोन्ही हॉटेलें जोडण्यांत आलीं, आणि पुढें सुमारे तीस वर्षें न्यूयॉर्कमधील श्रीमंतांच्या मेजवान्या तेथेंच झडल्या. मग श्रीमंत वस्ती उत्तरेकडे सरकली आणि १९२९ सालीं हॉटेलाचे दरवाजे बंद झाले. शेतकरी गेला, सरदार गेले, पाहुणेही गेले. आतां त्या भूमीवर कचेऱ्यांचें युग येणार होतें.

निव्वळ कचेऱ्यांची, आणि तीही जगांतील सर्वांत उंच, इमारत उभारण्याचा संकल्प जॉन रास्कॉब व आल्फ्रेड स्मिथ या दोन मित्रांनीं केला. रास्कॉब हे चिटणिसाच्या साध्या नोकरीपासून वर आलेले आणि ड्यू पाँट व जनरल मोटर्स या बलाढ्य कंपन्यांच्या पैशाचा कारभार पाहतां पाहतां कोट्यधीश झालेले गृहस्थ. स्मिथ हे न्यूयॉर्क राज्याचे चार वेळां निवडून आलेले गव्हर्नर. १९२८ सालीं स्मिथ अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीं उभे राहिले, तेव्हां त्यांच्या पक्षाचीं सूत्रें रास्कॉब यांच्या हातीं होतीं. परंतु त्या निवडणुकींत हर्बर्ट हूव्हर यांनीं स्मिथ यांचा मोठा पराभव केला. राजकारणांतून मोकळ्या झालेल्या या मित्रास रास्कॉब यांनीं नव्या कंपनीचें अध्यक्षपद दिलें, आणि २९ ऑगस्ट १९२९ रोजीं स्मिथ यांनीं इमारतीची योजना जाहीर केली.

न्यूयॉर्कमधील इतर उत्तुंग इमारतींहून या योजनेंत एक महत्त्वाचा भेद होता. वुलवर्थ इमारतीच्या मागें वुलवर्थ यांच्या दुकानांची संपत्ति होती; क्रायस्लर इमारत मोटारींच्या क्रायस्लर यांच्या नांवाची होती. त्या इमारती म्हणजे त्या त्या धंद्यानें उभारलेल्या पताकाच होत्या. 'एम्पायर स्टेट' हें न्यूयॉर्क राज्याचें टोपणनांव. त्या नांवामागें कारखाना नव्हता, दुकान नव्हतें, आधींपासून ठरलेला एखादा मोठा भाडेकरूही नव्हता. सुमारे २१ लाख चौरस फूट जागा बांधावयाची आणि ती घेणारे बाजारांतून मिळतील असा भरंवसा ठेवावयाचा, असा हा व्यवहार होता.

मात्र भाडेकरू येणार हें गृहीत धरूनच इमारतीचा आराखडा तयार झाला होता, हें मान्य केलें पाहिजे. वास्तुशिल्पी विल्यम लँब यांनीं लिफ्ट, जिने, नळ व तारा हें सर्व इमारतीच्या गाभ्यांत दाटीनें बसविलें आणि त्याच्या भोंवतीं कचेऱ्यांसाठीं २८ फूट खोलीचा पट्टा ठेविला. खिडकीपासून त्याहून अधिक आंत कोणाचेंही टेबल जाऊं नये, अंधाऱ्या जागेस कोणी भाडें देत नाहीं, हा त्यांतील हिशेब. १९१६ च्या नगररचनेच्या कायद्यान्वयें उंच इमारतीनें ठराविक उंचीनंतर रस्त्यापासून मागें सरलें पाहिजे असा दंडक होता. जमिनीच्या केवळ एक चतुर्थांश भागावर मनोरा हवा तितका वर नेण्याची मुभा होती. त्या पायऱ्यापायऱ्यांच्या आकृतीस आज आपण सौंदर्य म्हणून पाहतों. पण तिच्या मुळाशीं कायदा, उजेड व भाडें या तीन रोकड्या गोष्टी होत्या.

बांधकामाची कथा सुपरिचित असल्यामुळें ती थोडक्यांत सांगितली तरी पुरे. १७ मार्च १९३० रोजीं पोलादाचा सांगाडा उभारण्यास आरंभ झाला. सुमारे ५७,००० टन पोलाद व एक कोटी विटा लागल्या. आठवड्याला सरासरी साडेचार मजले चढत होते. ऐन भरांत तीन हजारांहून अधिक कामगार एका वेळीं कामावर होते. त्यांनीं जेवणासाठीं खालीं उतरून वेळ दवडूं नये म्हणून वरच्या मजल्यांवरच उपाहारगृहें चालविलीं होतीं. अधिकृत नोंदीप्रमाणें पांच कामगार या कामांत मृत्यु पावले. ४१० दिवसांत १०२ मजल्यांची, १,२५० फूट उंचीची इमारत तयार झाली. पांच कोटी डॉलर्स खर्चाचा अंदाज होता, तो जमिनीसह सुमारे चार कोटी दहा लाखांवर आला. असें झालें, कारण मध्यंतरीं, १९२९ च्या ऑक्टोबरांत, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला होता. माल स्वस्त झाला होता आणि मजुरीही. परंतु ज्या मंदीनें इमारत स्वस्त करून दिली, त्याच मंदीनें तिचे भाडेकरूही हिरावून नेले. एका हातानें दिलें आणि दुसऱ्या हातानें काढून घेतलें, असा हा प्रकार झाला.

१ मे १९३१ रोजीं उद्घाटन झालें. न्यूयॉर्कमध्यें व्यापारी जागांचे भाडेपट्टे १ मे रोजीं सुरू करण्याची जुनी वहिवाट होती, म्हणून हा दिवस. वॉशिंग्टनमध्यें बसून अध्यक्ष हूव्हर यांनीं कळ दाबली व न्यूयॉर्कमध्यें इमारतीचे दिवे लागले. ज्यांनीं स्मिथ यांना अध्यक्षपदापासून दूर ठेविलें, त्यांच्याच हातून स्मिथ यांची इमारत उजळली. पण दिवे लागले तरी त्या दिव्यांखालीं बसणारीं माणसें नव्हतीं. जवळ जवळ तीन चतुर्थांश जागा रिकामी होती. इमारत पेन्सिल्व्हेनिया व ग्रँड सेंट्रल या दोन्ही मोठ्या रेल्वे स्टेशनांपासून अंतरावर होती. धंद्याचीं मोठीं कार्यालयें दुसऱ्या भागांत होतीं. आणि नवी कचेरी थाटण्याचें बळ त्या काळांत फारच थोड्यांना होतें. शहरांतील टवाळ लोक 'एम्पायर' न म्हणतां 'एम्प्टी', म्हणजे रिकामी, स्टेट बिल्डिंग असें म्हणूं लागले. रिकाम्या मजल्यांवर रात्रीं दिवे लावून ठेवीत व वस्ती असल्याचा देखावा करीत, असेंही सांगतात. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचें पावणेतीन कोटी डॉलर्सचें कर्ज डोक्यावर होतें. व्याजास सुट्टी नसते. भाड्यास मात्र ती मिळाली होती.

या अडचणींत इमारतीस पहिला आधार दिला तो कचेरीवाल्यांनीं नव्हे, तर घटकाभर येऊन जाणाऱ्या प्रेक्षकांनीं. ८६ व्या मजल्यावर उघडी गच्ची होती. एक डॉलर द्यावा, लिफ्टनें वर जावें आणि सबंध शहर पायांखालीं पाहावें. मंदीच्या दिवसांत एक डॉलर ही कांहीं लहान रक्कम नव्हती; तरीही लोक आले, आणि पहिल्या वर्षीं गच्चीच्या तिकिटांचें उत्पन्न सगळ्या कचेऱ्यांच्या भाड्याच्या बरोबरीला आलें. शिखरावरचा उंच खांब मूळ योजनेंत महासागर ओलांडून येणाऱ्या वायुनौका बांधण्यासाठीं होता. सुटाबुटांतले प्रवासी तेथें उतरतील आणि लिफ्टनें खालीं जातील अशी कल्पना होती. त्या उंचीवरील सोसाट्याच्या वाऱ्यानें ती कल्पना हाणून पाडली. १९३१ सालीं एक लहानशी वायुनौका क्षणभर टेकली, एवढेंच. ज्या मोठ्या पाहुण्यांसाठीं दार उघडलें होतें ते आलेच नाहींत. आले ते खेड्यापाड्यांतून न्यूयॉर्क पाहावयास आलेले साधे लोक. १९३३ सालीं 'किंग काँग' या बोलपटांत एक अवाढव्य वानर या शिखरावर चढलें, आणि ज्यांनीं न्यूयॉर्क पाहिलें नव्हतें त्यांनाही ही इमारत ओळखीची झाली.

पहिल्या भाडेकरूंतील एकाची हकीकत नभोवाणीच्या श्रोत्यांनीं विशेषेंकरून ऐकण्यासारखी आहे. उंच जागेवरून लहरी दूरवर जातात, म्हणून रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका व तिची ध्वनिक्षेपण करणारी शाखा यांनीं ८५ व्या मजल्यावर जागा घेतली. १९३१ सालापासूनच तेथून टेलिव्हिजनचे प्रयोग सुरू झाले. १९३४ सालीं त्याच मजल्यावर एडविन आर्मस्ट्राँग या शास्त्रज्ञास आपलें यंत्र मांडण्याची परवानगी मिळाली. ध्वनिक्षेपणांत वीज कडाडली कीं खरखर होते, दोन स्वरांच्या मधली शांतता ऐकूंच येत नाहीं, हा दोष घालविण्याची नवी पद्धति त्यानें शोधून काढली होती. तीच पुढें एफ. एम. या नांवानें जगभर रूढ झाली. न्यूयॉर्कच्या त्या मजल्यावरून पाठविलेला आवाज लाँग आयलंडवरील एका घरीं, बाहेर वादळ चालू असतांनाही, स्वच्छ ऐकूं आला. प्रयोग यशस्वी झाला; परंतु कंपनीचें सारें भांडवल जुन्या पद्धतींत व पुढें येणाऱ्या टेलिव्हिजनमध्यें गुंतलें होतें. १९३५ सालीं आर्मस्ट्राँग यांस आपलें यंत्र उचलण्यास सांगण्यांत आलें. पुढें त्यांनीं स्वतःचा मनोरा बांधला, पेटंटासाठीं वर्षानुवर्षें कोर्टांत झगडले, आणि १९५४ सालीं निराश मनःस्थितींत स्वतःच्या हातानें जीवन संपविलें. १९६५ सालीं त्याच इमारतीच्या माथ्यावर अनेक एफ. एम. केंद्रांसाठीं एक सामाईक प्रक्षेपक उभारण्यांत आला. ज्यास पोटभाडेकरू म्हणूनही ठेविलें नाहीं, त्याचीच विद्या शेवटीं घराच्या शिखरावर जाऊन बसली.

मंदी ओसरतां ओसरतां दुसरें महायुद्ध आलें, आणि युद्धानें तें केलें जें जाहिरातींनीं झालें नव्हतें. अमेरिकन सरकारचा पसारा वाढला. किंमतींवर नियंत्रण ठेवणाऱ्या खात्यासारख्या नव्या सरकारी कचेऱ्यांना जागा हवी होती, आणि या इमारतींत ती होती. युद्धाशीं संबंध असलेल्या संस्थाही आल्या. ७९ व्या मजल्यावर कॅथॉलिक पंथाच्या एका युद्धसाहाय्य संस्थेची कचेरी होती. युरोपांतील निर्वासितांस अन्नवस्त्र पोंचविणें हें तिचें काम. त्या कचेरीवर जो प्रसंग ओढवला, त्यानें इमारतीच्या सामर्थ्याची व तिच्यांतील माणसांच्या नाजुकपणाची एकाच वेळीं कसोटी लागली.

२८ जुलै १९४५, शनिवार. शहरावर दाट धुकें पसरलें होतें. सकाळीं पावणेदहाच्या सुमारास अमेरिकन सैन्याचें बी-२५ जातीचें एक विमान, वाट चुकून, इमारतींमधूनच उडत आलें आणि उत्तरेच्या बाजूनें ७८ व्या ते ८० व्या मजल्यांच्या दरम्यान भिंतींत घुसलें. पेट्रोलानें पेट घेतला. विमानाचें एक इंजिन इमारत आरपार भेदून पलीकडच्या गल्लींतील एका घराच्या छपरावर पडलें. दुसऱ्याचे अवशेष लिफ्टच्या विहिरींत कोसळले. विमानांतील तिघे व इमारतींतील अकरा, मिळून चौदा माणसें मृत्युमुखीं पडलीं. इमारतींतील बळींपैकीं बहुतेक त्या साहाय्य संस्थेचीं होतीं. दूर देशच्या युद्धपीडितांसाठीं टेबलाशीं बसून काम करणाऱ्यांना युद्ध असें आपल्याच दारीं येऊन भेटलें. लिफ्ट चालविणारी एक तरुणी तारा तुटल्यामुळें सुमारे ७५ मजले खालीं गेली आणि आश्चर्य असें कीं ती वांचली. अग्निशामक दलानें सुमारे चाळीस मिनिटांत आग आटोक्यांत आणिली. पोलादी सांगाडा जागचा हलला नाहीं. सोमवारीं सकाळीं इमारतीचे पुष्कळसे मजले उघडले व भाडेकरू आपापल्या कामावर हजर झाले. इमारत डगमगली नाहीं याचें कौतुक सर्वांनीं केलें. पण तिसऱ्याच दिवशीं त्याच लिफ्टमध्यें पाय ठेवणाऱ्या टंकलेखकांचें व कारकुनांचें धैर्य त्याहून कमी नव्हतें.

युद्धानंतर व्यापार वाढला आणि जागा भरत आल्या. परंतु ज्यांनीं रिकामेपणाचीं वर्षें सोसलीं त्यांना भरभराट भोगावयास मिळाली नाहीं. स्मिथ १९४४ सालीं वारले; रास्कॉब १९५० सालीं. इमारत खऱ्या अर्थानें फायद्यांत आली ती त्याच सुमारास, आणि १९५१ सालीं ती विकली गेली. येथून तिच्या मालकीची अशी एक गुंतागुंत सुरू झाली कीं तिच्यापुढें आपल्याकडील भाऊबंदकीचे दावेही सोपे वाटावेत. इमारत एकाची, तर तिच्याखालची जमीन दुसऱ्याची. जमीन प्रुडेन्शियल या विमा कंपनीनें घेतली. १९६१ सालीं लॉरेन्स वीन व त्यांचे भागीदार यांनीं साडेसहा कोटी डॉलर्सचा व्यवहार जुळविला. त्यांनीं सबंध इमारतीचा शतकाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा घेतला. मालकी विमा कंपनीकडे राहिली. यासाठीं लागणाऱ्या रकमेपैकीं तीन कोटी तीस लाख डॉलर्स त्यांनीं प्रत्येकीं दहा हजारांचे ३,३०० हिस्से विकून उभे केले. हिस्से घेणारांत मध्यम स्थितीचीं अनेक कुटुंबें होतीं. म्हणजे इमारतीचा खरा कारभारी आतां स्वतःच एक मोठा भाडेकरू होता, आणि त्याच्यामागें हजारों लहान लहान ठेवीदार उभे होते.

या काळांत वरच्या मजल्यांवर राहणारे कोण होते? जगप्रसिद्ध कंपन्या फारशा नव्हत्या. कापडाचे व तयार कपड्यांचे व्यापारी, मोजे व जोडे विकणारे, वकील, हिशेबनीस, आयात-निर्यात करणारे दलाल, दोन खोल्यांत धंदा चालविणारे असे सुमारे एक हजार भाडेकरू या इमारतींत एकाच वेळीं नांदत होते. न्यूयॉर्कचा कपड्यांचा बाजार शेजारींच असल्यामुळें त्यांस ही जागा सोयीची होती. लहान धंदेवाल्यास तिचा आणखी एक उपयोग होता. पत्राच्या माथ्यावर 'एम्पायर स्टेट बिल्डिंग' एवढे शब्द छापले कीं दूरच्या गिऱ्हाइकाच्या मनांत पत वाढे. खोली केवढी आहे हें त्याला दिसत नसे. येथें सुमारे पंधरा हजार माणसें काम करीत. टपालखात्यानें १९८० सालीं या एका इमारतीस स्वतंत्र टपाल क्रमांकच देऊन टाकला. एखाद्या गांवास द्यावा तसा. आणि खरोखर तें एक उभें गांवच होतें. एकदां एक बिऱ्हाड रिकामें झालें तर मालकाचें कांहीं अडत नसे, कारण नऊशें नव्याण्णव शिल्लक असत. पहिल्या दिवसांत ज्या मोठ्या भाडेकरूची वाट पाहून डोळे शिणले, तो न येतांही इमारत तरली. ती या हजार लहान माणसांमुळें तरली.

१९७० च्या दशकाच्या आरंभीं शहराच्या दक्षिण टोंकास वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जोड मनोरे उभे राहिले आणि सर्वांत उंच हा मान गेला. टेलिव्हिजन केंद्रेंही आपलीं यंत्रें घेऊन त्या नव्या माथ्यावर गेलीं. ११ सप्टेंबर २००१ रोजीं दहशतवाद्यांनीं विमानें आदळवून ते मनोरे पाडले. ती केंद्रें परत जुन्या घरीं आलीं, आणि एम्पायर स्टेट पुन्हां शहरांतील सर्वांत उंच इमारत झाली. असा मान मिळावा असें कोणास वाटलें असेल? १९४५ चा प्रसंग आठवणाऱ्या त्या इमारतींतील भाडेकरूंस त्या दिवसांत रोज वर जातांना काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. २०१२ सालीं नवें वर्ल्ड ट्रेड सेंटर उंचींत पुढें गेलें.

याच सुमारास मालकीच्या तंट्याचाही निकाल लागला. १९९१ सालीं प्रुडेन्शियलकडून मालकी एका जपानी धनिकाच्या कुटुंबाकडे गेली होती व पुढें तींत डोनाल्ड ट्रम्प भागीदार झाले; हेच पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झाले. मालकीहक्क हातीं आला खरा, परंतु पट्टा २०७६ सालापर्यंतचा होता, आणि तोंवर मालकास वर्षाला जेमतेम वीस लाख डॉलर्स मिळावयाचे. इमारत नीट राखली जात नाहीं, उंदीर झाले आहेत, असा आरोप करून पट्टा मोडण्यासाठीं १९९५ सालीं खटला भरला गेला, तो फसला. शेवटीं २००२ सालीं पट्टेदारांच्या मंडळीनेंच पावणेसहा कोटी डॉलर्सना मालकी विकत घेतली. जगांतील सर्वांत प्रसिद्ध इमारतीची मालकी तिच्या आधींच्या किंमतीच्या मानानें इतकी स्वस्त मिळावी, यांतच सारें आलें. नांव मालकाचें असतें, पण किंमत असते ती वहिवाटीची.

मालक व पट्टेदार एक झाल्यावर इमारतीचें रूप पालटूं लागलें. पंचावन्न कोटी डॉलर्सच्या जीर्णोद्धाराची योजना निघाली. तींतील एक भाग अनुकरणीय होता. ६,५१४ खिडक्यांच्या कांचा फेकून न देतां त्या इमारतीच्याच एका मजल्यावर उतरवून, स्वच्छ करून, मध्यें नवा पडदा घालून पुन्हां बसविण्यांत आल्या. अशा उपायांनीं विजेचा व इंधनाचा खर्च सुमारे ३८ टक्क्यांनीं कमी करण्याचें ठरलें; आणि भाडेकरूंच्या सहकार्यावांचून हें साधणार नाहीं हेंही तेव्हां उमगलें, कारण दिवे व यंत्रें तर त्यांच्याच खोल्यांत चालत होतीं.

पण त्याच योजनेचा दुसरा भाग असा होता कीं लहान लहान खोल्या पाडून सबंध मजले मोकळे करावयाचे व ते मोठ्या कंपन्यांना द्यावयाचे. जुन्या छोट्या भाडेकरूंचे पट्टे संपले तसे ते पुष्कळसे वाढवून दिले गेले नाहींत. वर्षानुवर्षें तेथें दुकान थाटलेले मोजेवाले, जोडेवाले, वकील एकामागून एक बाहेर पडले. त्यांच्या जागीं २०११ च्या सुमारास लिंक्डइन ही नोकरीधंद्याच्या ओळखी जुळविणारी कंपनी आली, कपड्यांचा जागतिक व्यापार करणारी ली अँड फंग आली, प्रसाधनें विकणारी कोटी आली. २०१३ सालीं इमारतीची मालकी शेअरबाजारांत नोंदलेल्या कंपनीकडे गेली. १९६१ च्या ठेवीदारांपैकीं व त्यांच्या वारसांपैकीं कित्येकांनीं विरोध केला, पण बहुमतापुढें व न्यायालयापुढें त्यांचें चाललें नाहीं.

धंद्याच्या दृष्टीनें पाहतां यांत गैर कांहीं नव्हतें. हजार कुलपांपेक्षां पन्नास कुलपें सांभाळणें सोपें, आणि मोठ्या कंपनीचें भाडें वेळेवर येतें. तथापि मोठा भाडेकरू गेला कीं भगदाडही मोठें पडतें. ली अँड फंगपासून निघालेली ग्लोबल ब्रँड्स ही कंपनी येथील एक प्रमुख भाडेकरू होती. तिच्या अमेरिकन शाखेनें २०२१ सालीं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधींच्या वर्षीं, २०२० सालीं, आलेल्या साथीनें तर लक्षावधि कारकुनांस घरींच बसून काम करण्याची संवय लाविली, आणि न्यूयॉर्कमधील सर्वच कचेऱ्यांपुढें १९३१ चा जुना प्रश्न पुन्हां उभा राहिला. खोल्या तयार आहेत, पण बिऱ्हाडें कोठें आहेत?

या प्रश्नाचें एक उत्तर त्या इमारतीच्याच हिशेबाच्या वहींत आहे. साथीच्या आदल्या वर्षीं, म्हणजे २०१९ सालीं, प्रेक्षकांच्या गच्चीचें उत्पन्न सुमारे बारा कोटी नव्वद लाख डॉलर्स झालें होतें. पहिल्या वर्षीं मोठ्या व्यापाऱ्यांनीं पाठ फिरविली तेव्हां एक एक डॉलर घेऊन आलेल्या साध्या प्रेक्षकांनीं जी वास्तु जगविली, तिला सुमारे नव्वद वर्षांनंतरही त्याच प्रेक्षकांचा केवढा आधार होता हें यावरून दिसतें. तेंच त्या हजार लहान भाडेकरूंचेंही. वाईट दिवसांत त्यांनीं घर भरलेलें ठेविलें. चांगले दिवस आल्यावर त्यांना जागा उरली नाहीं. त्यांचीं नांवें इमारतीच्या दर्शनी भिंतीवर कोरलेलीं नाहींत, आणि कोरावीं असें कोणाच्या मनांतही आलें नसेल. परंतु पोलादाचा हिशेब मांडतांना जसा तळाच्या खांबांचा विसर पडूं देत नाहींत, तसा इमारतीचा इतिहास लिहितांना तिचें भाडें भरणारांचा विसर पडूं देतां कामा नये. वास्तु बांधणारे तिला उंची देतात. आयुष्य देतात ते तिच्यांत राहणारे.